‘महाराष्ट्र शासन, मुंबई’ एवढ्याने संदर्भ पुरा होत नाही

प्रति,
मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर.

विषय : प्रबंध व शोधनिबंधांत शासकीय प्रकाशनांचे संदर्भ देण्याची पद्धत.

महोदय,

इतिहास, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, पर्यावरण आणि कायदा या विषयांतील संशोधनाचे शासकीय प्रकाशनांवाचून पान हलत नाही, आणि तरीही प्रबंधाच्या शेवटी जोडलेल्या संदर्भसूचीत सर्वांत हलगर्जीपणाने लिहिलेल्या नोंदी शोधू गेल्यास त्या बहुधा याच प्रकाशनांच्या निघतात. एखाद्या कादंबरीची नोंद करताना लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष काटेकोरपणे लिहिणारा संशोधक जनगणनेच्या खंडापाशी आला की ‘भारत सरकार, जनगणना अहवाल’, शासन निर्णयापाशी आला की ‘जी. आर., महाराष्ट्र शासन, मुंबई’ आणि जिल्ह्याच्या इतिहासापाशी आला की ‘कोल्हापूर गॅझेटिअर’ एवढे लिहून मोकळा होतो. मार्गदर्शक त्यावर सही करतात, परीक्षक त्या पानांवरून नजर फिरवून पुढे जातात, आणि पुढच्या पिढीतील अभ्यासक तीच नोंद जशीच्या तशी उचलतो. ही सवय किरकोळ नाही, तिने संशोधनाच्या आशयालाच धक्का बसतो, हे कोल्हापूरशी निगडित काही उदाहरणांवरून दाखवणे आणि विद्यापीठाने या बाबतीत पुढाकार घ्यावा अशी विनंती करणे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

शासकीय प्रकाशन म्हणजे शासनाच्या अधिकाराने व खर्चाने छापलेला किंवा संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेला मजकूर. त्यात राजपत्र, अधिनियम व नियम, शासन निर्णय व परिपत्रके, जनगणनेचे खंड, आर्थिक पाहणी, समित्या व आयोगांचे अहवाल, लेखापरीक्षा अहवाल, विधिमंडळाची कार्यवाही आणि गॅझेटिअर हे सारे येते. पुरालेखागारातील रुमालांत बांधून ठेवलेली हस्तलिखित कागदपत्रे मात्र यात येत नाहीत. ती प्रसिद्ध झालेली नसल्याने त्यांचा संदर्भ पुरालेखागाराचे नाव, दप्तर व रुमाल यांच्या क्रमांकाने द्यावा लागतो. करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानावरील लेखनात हा भेद पुष्कळदा पुसला जातो आणि छापील राजपत्रातला ठराव व दप्तरातला हुकूम एकाच ‘संस्थानी कागदपत्रे’ या शीर्षकाखाली दाखवले जातात.

पहिले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात, म्हणजे संस्थानाच्या अधिकृत राजपत्रात, राजर्षी शाहू महाराजांचा मागासवर्गीयांना नोकऱ्यांत राखीव जागा देणारा ठराव प्रसिद्ध झाला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेलेले होते. या ठरावाचा उल्लेख नसलेला सामाजिक न्यायावरील प्रबंध मराठीत क्वचितच आढळेल, आणि ‘शाहू महाराजांनी नोकऱ्यांत पन्नास टक्के आरक्षण दिले’ हे वाक्य तर पाठ्यपुस्तकांतही रुळले आहे. मूळ ठरावाची शब्दयोजना याहून नेमकी आहे : ठराव मिळाल्याच्या तारखेपासून पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांतून भराव्यात, ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी आहे तेथे पुढची नेमणूक या वर्गांतील व्यक्तीचीच करावी, आणि खातेप्रमुखांनी अशा नेमणुकांचे विवरणपत्र दर तिमाहीला पाठवावे. मागासवर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेल्या सर्व जाती, अशी व्याख्याही ठरावातच दिलेली आहे. ‘रिकाम्या होणाऱ्या जागा’ हे शब्द गळले की धोरणाचा अर्थ बदलतो. कारण असलेल्या नोकरांना हात न लावता पुढील भरतीतून समतोल साधण्याची ती योजना होती. तिमाही विवरणपत्राची अट गळली की ठरावाच्या अंमलबजावणीची यंत्रणाच नजरेआड होते, आणि व्याख्या गळली की आजच्या प्रवर्गांची कल्पना १९०२ वर लादली जाते.

ठरावाचा आशय असा झिजत जाण्याचे कारण बहुतेक वेळा संदर्भात दडलेले असते. संशोधकाने गॅझेटाचा अंक पाहिलेला नसतो; त्याने एखादे चरित्र, गौरवग्रंथ किंवा दुसऱ्याचा प्रबंध वाचलेला असतो आणि तळटीप मात्र थेट करवीर गॅझेटाची दिलेली असते. मूळ अंक दुर्मीळ आहे, तो प्रत्येकाला पाहायला मिळणार नाही, हे मान्यच आहे. दुय्यम साधनावर विसंबण्यात कमीपणाही नाही. परंतु तसे असेल तर ‘करवीर सरकारचे गॅझेट, २६ जुलै १९०२, अमुक ग्रंथात अमुक पृष्ठावर उद्धृत’ असे लिहिले पाहिजे. त्यामुळे वाचकाला दोन गोष्टी कळतात : मजकूर मुळात कोठे आहे, आणि तो संशोधकाच्या हाती कोणाच्या हातून आला आहे. न पाहिलेल्या राजपत्राची तळटीप देणे ही वाङ्मयचौर्याइतकीच गंभीर बाब मानली जावी, असे या पत्राचे स्पष्ट मत आहे, मग समानता तपासणाऱ्या संगणकप्रणालीला ती सापडो वा न सापडो.

‘कोल्हापूर गॅझेटिअर’ या नोंदीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. गॅझेटिअर म्हणजे एखाद्या प्रदेशाचा भूगोल, इतिहास, लोक, शेती, व्यापार व प्रशासन यांची माहिती एकत्र देणारा शासकीय ग्रंथ. या नावाने ओळखली जाणारी किमान दोन निरनिराळी पुस्तके आहेत. त्यांतले पहिले म्हणजे जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’ या मालिकेचा २४ वा खंड. तो १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा विषय कोल्हापूर संस्थान हा आहे. दुसरे म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये आलेला, कोल्हापूर जिल्ह्याचा राज्य गॅझेटिअर. त्यांच्याही आधी, १८५४ मध्ये, मेजर ग्रॅहॅम यांचा कोल्हापूर संस्थानावरील सांख्यिकी अहवाल मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांच्या नव्या मालिकेत आठव्या क्रमांकाने प्रसिद्ध झाला होता, आणि पुढच्या लेखनात त्यातील माहिती अनेकदा नावानिशी वा नावाविना वापरली गेली.

पहिल्या दोन पुस्तकांत केवळ चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर नाही, त्यांची जमीनच वेगळी आहे. १८८६ चा खंड ज्या प्रदेशाविषयी बोलतो तो संस्थानाचा प्रदेश आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर जिल्हा आखला गेला तेव्हा संस्थानाचा रायबागसारखा भाग बेळगाव जिल्ह्याकडे गेला, आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आला. याचा परिणाम असा की, चंदगडच्या एकोणिसाव्या शतकातील स्थितीचा शोध घेणाऱ्याने २४ व्या खंडात कितीही पाने उलटली तरी त्याला तेथे फारसे काही मिळणार नाही. त्याने १८८४ साली निघालेला २१ वा खंड, म्हणजे बेळगावचा खंड, उघडला पाहिजे. याउलट रायबागचा शोध कोल्हापूरच्या जुन्या खंडात लागतो. संदर्भसूचीत नुसते ‘कोल्हापूर गॅझेटिअर’ लिहिणाऱ्याने १८८६ चे क्षेत्रफळ आणि १९६० चे क्षेत्रफळ एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडून ‘वाढ’ किंवा ‘घट’ काढली, तर ती शेतीची वा लोकसंख्येची नसून सरहद्दीची असण्याचा संभव आहे, आणि मालिका, खंड व वर्ष लिहिले नसल्याने ते तपासण्याची वाटही वाचकासाठी बंद झालेली असते. जनगणनेच्या दशवार्षिक बदलाच्या तक्त्यांत जुने आकडे नव्या हद्दीनुसार जुळवून दिलेले असतात; १९५१ चा आकडा १९५१ च्या खंडातून घेतला की १९६१ च्या खंडातील जुळवलेल्या तक्त्यातून घेतला, हे म्हणूनच सांगावे लागते.

गॅझेटिअरच्या बाबतीत आणखी एक पथ्य आवश्यक आहे. जुने खंड आता संगणकावर वाचायला मिळतात. त्यांतील काही मूळ पानांच्या प्रतिमा असतात, तर काही नव्याने अक्षरजुळणी केलेले असतात आणि त्यांत मूळ पृष्ठांक राहत नाहीत. जे रूप वाचले त्याचाच संदर्भ द्यावा, आणि पृष्ठांक नसेल तर प्रकरण व उपशीर्षक सांगावे. छापील प्रतीचा पृष्ठांक दुसऱ्याच्या तळटीपेतून उचलून स्वतः वाचलेल्या संगणकीय रूपाला चिकटवणे, हे वर सांगितलेल्या न पाहिलेल्या राजपत्राच्या संदर्भाचेच दुसरे रूप झाले.

शासकीय प्रकाशनाचा लेखक कोण, या प्रश्नावर संशोधक सर्वाधिक अडखळतो. याचे उत्तर सरसकट ‘शासन’ असे देता येत नाही. ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’ मालिकेच्याच पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात, जो १८९६ मध्ये निघाला, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास आणि फ्लीट यांचा कन्नड प्रदेशातील राजवंशांचा इतिहास आहे. तेथे लेखक भांडारकर व फ्लीट आहेत, कॅम्पबेल संपादक आहेत आणि सरकार प्रकाशक आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांवर लिहिणाऱ्याला वा. वि. मिराशींनी संपादित केलेला शिलाहारांच्या कोरीव लेखांचा खंड टाळता येत नाही. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणून त्याचे संपादकत्व सर्वेक्षणाकडे जात नाही. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे व भाषणांचे इंग्रजी खंड ‘महाराष्ट्र शासन’ या नावाखाली अकारविल्हे लावणे हा तर अन्यायच आहे. लेखक आंबेडकर, पहिल्या खंडांचे संपादक वसंत मून, आणि शासन प्रकाशक, असा तो क्रम आहे. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. ते धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केले आणि पुढे य. दि. फडके यांच्या संपादनाखाली त्याची वेगळी आवृत्ती निघाली. येथे आवृत्ती न सांगता दिलेला पृष्ठांक वाचकाला भलत्याच पानावर नेतो.

जेथे लेखक म्हणून कोणाही व्यक्तीचे नाव नसते तेथे ते प्रकाशन ज्या विभागाने, संचालनालयाने किंवा आयोगाने तयार केले त्या संस्थेला लेखक मानले जाते. याला संस्थात्मक कर्तृत्व म्हणतात. समित्यांचे अहवाल याच वर्गात येतात, पण बोलीत ते अध्यक्षांच्या नावाने ओळखले जातात : २०१९ च्या महापुरानंतर ‘वडनेरे समितीचा अहवाल’ कोल्हापूर-सांगलीत घरोघरी माहीत झाला, तसेच पश्चिम घाटावरील ‘गाडगीळ अहवाल’ व ‘कस्तुरीरंगन अहवाल’ आणि सीमाप्रश्नातील ‘महाजन अहवाल’. मजकुरात ही नावे खुशाल वापरावीत. संदर्भसूचीत मात्र समितीचे पूर्ण अधिकृत नाव, तिला नेमणारे मंत्रालय किंवा विभाग आणि अहवालाचे वर्ष यांना पर्याय नाही. मंत्रालयाचे नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर जसे छापलेले असेल तसेच ठेवावे. मनुष्यबळ विकास मंत्रालय २०२० मध्ये शिक्षण मंत्रालय झाले, म्हणून २०१५ च्या अहवालावर मागाहून नवे नाव चढवायचे नसते.

राज्यातील संशोधकाला सर्वांत जास्त वेळा हाताळावा लागणारा दस्तऐवज म्हणजे शासन निर्णय, आणि संदर्भ देण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती त्याच्या पानावरच असते. वरच्या बाजूस विषय, त्याखाली विभागाचे नाव, मग ‘शासन निर्णय क्रमांक’ या शब्दांपुढे विषयाचे संक्षिप्त नाव, वर्ष, ‘प्र. क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक आणि ज्या कार्यासनाने, म्हणजे मंत्रालयातील ज्या शाखेने, तो काढला तिचे संक्षिप्त रूप, त्याखाली मंत्रालयाचा पत्ता व दिनांक, नंतर ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची यादी, प्रस्तावना आणि शेवटी प्रत्यक्ष निर्णय. अखेरच्या पानावर तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचे सांगून त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो, आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही असते. हा अधिकारी निर्णयाचा लेखक नव्हे. लेखक विभाग आहे.

क्रमांकातील वर्ष आणि निर्णयाचा दिनांक यांत गल्लत होणे हा या दस्तऐवजाचा नेहमीचा सापळा आहे, कारण क्रमांकातील वर्ष धारिका उघडल्याचे असते आणि निर्णय त्यानंतर दोन-तीन वर्षांनीही निघू शकतो. दुसरा सापळा असा की एकाच प्रकरण क्रमांकावर मूळ निर्णय, शुद्धिपत्रक आणि पुढचा सुधारित निर्णय असे तीन कागद निघू शकतात. म्हणून तर मंत्रालयीन भाषेत ‘समक्रमांकाचा शासन निर्णय’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. केवळ क्रमांक दिला तर वाचकाला कोणता कागद अभिप्रेत आहे ते कळत नाही, आणि केवळ दिनांक दिला तर त्या दिवशी त्याच विभागाने काढलेले बाकीचे निर्णय समोर येतात. विभाग, शीर्षक, क्रमांक, दिनांक आणि संकेतांक या पाच गोष्टी लिहिल्या की निर्णय निःसंदिग्धपणे सापडतो. सहावी गोष्ट नोंदीत नव्हे, संशोधकाच्या डोक्यात असावी लागते : तो निर्णय अद्याप अमलात आहे की पुढच्या एखाद्या निर्णयाने अधिक्रमित, म्हणजे रद्दबातल होऊन बदललेला आहे. ज्या निर्णयाच्या ‘वाचा’मध्ये हा निर्णय आलेला असेल तो शोधून पाहिल्याशिवाय ‘सध्याचे धोरण’ हे शब्द लिहू नयेत. मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर वृत्तपत्रांत आलेला ‘निर्णय’ हा तर शासन निर्णय नव्हेच. त्याचा संदर्भ बातमी म्हणूनच द्यावा.

अधिनियमांच्या बाबतीत विद्यापीठाच्या घरातलेच उदाहरण पुरेसे आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आज जो कायदा लागू आहे त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ असे आहे, परंतु तो २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६ आहे, राजपत्रात जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ मार्च २०१७ पासून अमलात आला. संशोधकाने ‘२०१६ पासून नव्या कायद्याने’ असे वाक्य लिहिले तर ते चुकीचे ठरते. त्याआधी १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम होता आणि त्याहीआधी १९७४ चा शिवाजी विद्यापीठ अधिनियम, तेव्हा ‘विद्यापीठ कायद्याच्या तरतुदीनुसार’ असे मोघम लिहून कोणाचेच भागत नाही. कुळकायद्याचे उदाहरण याहून चमत्कारिक आहे : १९४८ चा मुंबईचा अधिनियम क्रमांक ६७ ज्या ‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ या नावाने दोन पिढ्यांनी ओळखला, त्या नावातील ‘मुंबई’ची जागा २०१२ च्या एका अधिनियमाने ‘महाराष्ट्र’ने घेतली, आणि तीही १ मे १९६० पासून घेतल्याचे मानले गेले. १९७० च्या दशकातील न्यायनिवाडे व पुस्तके जुन्या नावानेच बोलतात. म्हणून कायद्याचा संदर्भ नावावर न सोडता वर्ष व क्रमांक यांवर टेकवावा, आणि कलम सांगताना ते कोणत्या तारखेपर्यंतच्या सुधारणांसह वाचले हेही नमूद करावे. राजपत्राचा संदर्भ देताना भाग विसरू नये. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या आठव्या भागात अधिनियम असतात आणि चार-ब या भागात राज्याच्या अधिनियमांखाली केलेले नियम. एकाच दिवशी अनेक असाधारण अंक निघतात, त्यामुळे असाधारण क्रमांकही लागतो.

मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांतला भेद कोल्हापूरकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याविषयीची पहिली मसुदा अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १० मार्च २०१४ रोजी काढली. त्यानंतर मसुदे पुन्हा पुन्हा निघत राहिले आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. मसुदा म्हणजे हरकती व सूचना मागवण्यासाठी प्रसिद्ध केलेला प्रस्ताव. त्याने कोणतीही बंदी लागू होत नाही. सह्याद्रीला लागून असलेल्या तालुक्यांवरील लेखनात मात्र ‘अमुक गावे संवेदनशील क्षेत्रात आहेत’ असे विधान ‘भारताचे राजपत्र’ एवढ्या आधारावर ठोकून दिलेले आढळते. कोणता मसुदा, कोणत्या तारखेचा, आणि तो मसुदाच होता, ही तीन विधाने नोंदीत नसतील तर ती नोंद वाचकाची दिशाभूल करते. गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल आणि कस्तुरीरंगन कार्यगटाचा २०१३ चा अहवाल यांच्या शिफारशी एकमेकींपासून पुष्कळ दूर आहेत, आणि मसुदे दुसऱ्यावर आधारलेले आहेत, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते.

आकडेवारीबाबत थोडक्यात सांगता येईल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७२,९७२ आणि ११,२३,७४,३३३ अशी दोन्ही प्रकारे छापलेली आढळते; पहिला आकडा तात्पुरत्या बेरजांचा आहे, दुसरा अंतिम. देशाच्या बाबतीत तर तीन आकडे आहेत : तात्पुरता १,२१,०१,९३,४२२, मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातील तीन उपविभाग वगळून १,२१,०५,६९,५७३, आणि ते धरून १,२१,०८,५४,९७७. तिन्ही आकडे ‘जनगणना २०११’ याच नावाने फिरतात. आर्थिक पाहणीतील ‘अस्थायी’, ‘पूर्वानुमान’ व ‘सुधारित अंदाज’ या खुणा आणि जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातील प्रत्येक तक्त्याखालची ‘आधार’ ही ओळ याच कारणासाठी छापलेली असते; ती वगळून आकडा तेवढा उचलण्याची प्रथा बंद व्हावी. आणि ‘जनगणना २०२१’ हा आधार ज्या लेखनात दिसेल ते लेखन परीक्षकाने तिथेच परत करावे, कारण त्या वर्षी जनगणना झालीच नाही. पुढची जनगणना २०२७ ची आहे.

शासनाने छापले म्हणजे ते प्रमाण झाले, असा एक भाबडा समज या सगळ्यामागे असतो. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे ‘लोकराज्य’ हेही शासकीय प्रकाशन आहे आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवालही. एकाच योजनेविषयी या दोहोंत जे वाचायला मिळेल ते सारखे असेलच असे नाही. पहिले शासनाने आपले काम लोकांसमोर मांडण्यासाठी काढलेले नियतकालिक आहे, तर दुसरा त्याच कामाची तपासणी करून विधिमंडळापुढे ठेवलेला अहवाल. संदर्भात प्रकाशनाचा प्रकार व काढणारी संस्था स्पष्ट असेल तरच वाचकाला त्या विधानाचे वजन ठरवता येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत समानता मोजताना कायदे व संदर्भसूची वगळण्याची तरतूद आहे. तिचा सोयीस्कर अर्थ काढून अधिनियमांची पानेच्या पाने अवतरणचिन्हांशिवाय प्रबंधात ओतली जातात. त्यातच प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या ५२ व्या कलमाने राजपत्रातील मजकूर (अधिनियम मात्र भाष्य किंवा इतर मूळ मजकुरासोबतच) आणि, शासनाने मनाई केली नसेल तर, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल पुन्हा छापण्यास मोकळीक दिली आहे. परंतु छापण्याची मोकळीक आणि आधार सांगण्याचे कर्तव्य या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली असली म्हणून दुसरी संपत नाही.

संदर्भ देण्याच्या ज्या परदेशी पद्धती येथील प्रबंधांत वापरल्या जातात त्या आपल्या जागी उपयुक्त आहेत, पण त्यांची उदाहरणे अमेरिकी काँग्रेसच्या सुनावण्यांची आणि तेथील संघराज्याच्या खात्यांची असतात. शासन निर्णयाचा प्रकरण क्रमांक, राजपत्राचा भाग चार-ब किंवा संस्थानी गॅझेट यांना त्यांत तयार जागा नाही. ती जागा येथल्याच विद्यापीठाने करून द्यायची आहे, आणि ज्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांच्या व शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांच्या संपादनात आयुष्याची वर्षे घातली त्या विद्यापीठावर ही जबाबदारी इतरांपेक्षा थोडी अधिकच येते.

तेव्हा विनंती अशी की, अभ्यास मंडळे, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातील ग्रंथपाल आणि कोल्हापूर पुरालेखागारातील जाणकार यांना एकत्र बसवून शासकीय प्रकाशनांच्या संदर्भांची, प्रत्येक प्रकाराच्या एका नमुन्यासह, वीस-पंचवीस पानांची मराठी मार्गदर्शिका तयार करून घ्यावी आणि विद्यापरिषदेच्या संमतीने ती सर्व संशोधन केंद्रांना द्यावी. संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रत्येक शासकीय दस्तऐवजाची पाहिल्याच्या तारखेसह साठवलेली प्रत प्रबंधासोबत सादर करण्याची अट घालावी, कारण शासनाची संकेतस्थळे बदलतात आणि जुने दुवे मरतात. आणि परीक्षकांच्या अहवालात संदर्भसूची पडताळून पाहिल्याविषयी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. येत्या शैक्षणिक वर्षात नोंदणी करणाऱ्या संशोधकांपासून याचा प्रारंभ करणे विद्यापीठाला अवघड नाही.